अमळनेरच्या घरात आधी काय घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन पुण्याहून अमळनेरला आलात, नवरा-बायको दोघंही नोकरीवर, घरात सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुलं. हाताशी चाळीसएक हजार आहेत. रोजचं काम खरोखर हलकं करणाऱ्या कोणत्या वस्तू घ्याव्यात आणि कोणत्या टाळाव्यात?

मी विकणारा नाही, दुरुस्त करणारा आहे. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात पंखे, कूलर, मिक्सर, घरघंट्या, वॉशिंग मशीन उघडण्यात उमर गेली. त्यामुळे माझं मोजमाप जरा वेगळं आहे. वस्तू किती चांगली चालते ते जाहिरात सांगते. पण ती बंद पडल्यावर माणूस किती घायकुतीला येतो, ते आमच्या टेबलाशी कळतं. कूलर आणणारा सांगतो, "भाऊ, आजच देखी दे, घरमा म्हातारी शे." मिक्सरवाल्या बाई बाजार उरकून तासाभरात परत हजर. आणि हौसेनं घेतलेली रोटी मेकर, सँडविच, ज्यूसर असली यंत्रं दुरुस्त होऊन फळीवर धूळ खात पडतात. फोन करावा तर "येतो, येतो". कोणती वस्तू कामाची आणि कोणती बिनकामाची, याचा निवाडा त्या फळीवरच होतो. खाली जे लिहितो ते त्याच हिशेबानं.

पहिली वस्तू डोळ्यांत भरणारी नाही, तरी आधी तीच घ्या. मीटरजवळच्या डीबीत, म्हणजे स्विचांच्या मुख्य पेटीत, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि जोडीला व्होल्टेजचं ऑटो-कट बसवा. भाड्याचं घर असलं तरी घरमालकाला विचारून बसवाच. आपल्याकडे लाइट नुसती जाते असं नाही, ती कमी-जास्तही होते. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. पण गावाच्या कडेला, शेतीचे पंप एकदम सुरू झाले की १७०-१८० पर्यंत उतरते. त्या दाबावर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुटत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. पंखा हळू फिरतो हे तुम्हाला दिसतं, कॉम्प्रेसरच्या आत वाइंडिंग भाजत असतं ते दिसत नाही. उलटा प्रकार न्यूट्रल तुटल्यावर होतो. वाऱ्या-वादळात खांबावरचा न्यूट्रल निसटला की तीन फेजचा भार आपापसात वाटला जातो आणि एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट शिरतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर एकाच गल्लीतले पाच टीव्ही आमच्याकडे आले की न्यूट्रलच गेला असणार, हे न विचारता कळतं. ऑटो-कट अशा वेळी क्षणात लाइन तोडतं आणि दाब जागेवर आला की थोडं थांबून पुन्हा जोडतं.

आरसीसीबीचं काम वेगळं आहे, ती माणसाला वाचवते. तिच्यासोबत अर्थिंग मात्र खरं हवं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती लोण्यासारखी असते, उन्हाळ्यात सुकून हात-हात भेगा पडतात. त्या सुकलेल्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो, आणि नेमका तेव्हाच प्रत्येक घरात पत्र्याचा ओला कूलर चालू असतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. वायरमनला बोलावून एकदा अर्थिंग तपासून घ्या. नवीन घर असेल तर तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी तार खरंच जोडली आहे का, तेही बघायला सांगा. नुसतं भोक असतं आणि मागे तार नसते, हे इतक्या घरांत बघितलंय की आता नवल वाटत नाही.

आता कूलर. पुण्याच्या सवयीनं तुम्ही आधी एसीचा विचार केला असेल. सासू-सासऱ्यांच्या खोलीला पुढेमागे एसी लावा, त्याला माझी ना नाही. पण खान्देशात पहिला मान कूलरचा, आणि त्याला कारण आहे. कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा थंड करतो, म्हणून हवा जितकी कोरडी तितकं त्याचं काम चांगलं. मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि हवेत १५ टक्के ओलावा असेल, तर चांगल्या कूलरमधून २७-२८ अंशांची हवा बाहेर पडते. पंधरा अंशांचा फरक, आणि वीज लागते साधारण दीडशे ते दोनशे वॉट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं चालताना दीड हजार वॉटच्या आसपास खातो. लाइट गेली तर कूलर घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, एसी चालत नाही. तोच कूलर ऑगस्टमध्ये लावून बघा. बाहेर ३१ अंश आणि ८० टक्के ओलावा असताना तो दोन-अडीच अंशांपलीकडे काही करू शकत नाही, वर गाद्या दमट होतात. पहिला पाऊस पडला की कूलर धुऊन, वाळवून, झाकून ठेवायचा.

लोक कूलर विकत घेतात आणि लावतात चुकीचा. खोलीच्या आत, दार-खिडक्या बंद करून लावला की पहिला अर्धा तास बरं वाटतं, मग अंग चिकचिकायला लागतं आणि माणूस म्हणतो, कूलर बिघडला. बिघडलेलं काही नसतं. आतलीच ओली हवा तो पुन्हा पुन्हा ओढत असतो. कूलरची पाठ बाहेर हवी, म्हणजे खिडकीत किंवा ओट्यावर, आणि समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी. हवा आत आली तितकी बाहेर गेलीच पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, दुपारचं ऊन थेट टाकीवर येतं. सावलीची बाजू निवडा किंवा वर ताडपत्री बांधा.

गवताच्या ताट्या घ्याव्यात की मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे पुठ्ठ्याचे पॅड, हे तुमच्या पाण्यावर ठरतं. गवत स्वस्त, थंडावा चांगला, पण दर हंगामाला बदलावं लागतं. पुठ्ठ्याचे पॅड मऊ पाण्यावर तीन-चार वर्षं जातात. बोअरच्या जड पाण्यावर दोन उन्हाळ्यांतच त्यांच्यावर पांढरा थर चढून ते दगड होतात. बोअर असेल तर सरळ गवत घ्या. पॅडच घ्यायचे असतील तर आठवड्याला टाकीतलं सगळं पाणी सोडून द्या. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, रोज वरून नुसतं पाणी घालत गेलात की ते आणखी दाट होतं. आठवड्याची ही सफाई डासांसाठीही हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. कूलरची टाकी त्याला आयती मिळते.

पाण्याचा हिशेबही आधी करा. कडक दुपारी मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडवतो. आपल्याकडच्या कित्येक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे खोलीच्या मापाचाच कूलर घ्या. दहा बाय बाराच्या खोलीला लग्नाच्या मांडवातला कूलर नको. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरला की जळतो. पंप तसा स्वस्त असतो, पण रात्री दोनला कोण बदलणार? त्यापेक्षा आत फ्लोट, म्हणजे पाणी वर आलं की आपोआप बंद होणारा नळ, लावून बारीक नळी गच्चीवरच्या टाकीला जोडून द्या.

आणि एक गोष्ट सासूबाईंना, मुलांना, कामवाल्या मावशींना पाठ करवून घ्या. पाणी भरताना बटण बंद करायचं, पिनही काढायची. मगच पत्र्याला हात. दर उन्हाळ्यात पेपरात कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी येते. पंपाची वायर पाण्यात मुरते, तिचं आवरण कडक होऊन तडकतं, पत्र्यात करंट उतरतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं माणूस टाकीला हात लावतं. फायबरच्या बॉडीचा कूलर थोडा महाग पडतो, पण मुलांच्या घरात मी तोच सांगतो.

मिक्सरवर मी जरा लांब बोलणार, कारण खान्देशी स्वयंपाक मिक्सरचा जीव घेतो. शेवभाजी, पातोड्यांचा रस्सा, काळ्या मसाल्याचं कोणतंही कालवण घ्या. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, आलं-लसूण घालायचं आणि लोण्यासारखं बारीक वाटायचं. सुकं खोबरं घट्ट, त्यात पाणी कमी घालायचं कारण तर्री सुटायला हवी, आणि घाई असल्यामुळे वाटण गरमच भांड्यात जातं. गरम वाटणाची वाफ झाकण उडवते, आतलं रबर सैल करते आणि पात्याखालच्या बुशमधून तेलकट पाणी खाली मोटरीत झिरपतं. मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. तिला घट्ट गोळा फिरवायला लावला की फेरे कमी होतात, करंट वाढतो आणि वास यायला लागतो. तो वास म्हणजे वाइंडिंगवरचं वॉर्निश.

म्हणून घेताना ७५० वॉटचा घ्या. ५०० वॉटचा चटणीला पुरतो, आपल्या वाटणाला कमी पडतो. हजार वॉटचा मुद्दाम घ्यायची गरज नाही. मिक्सरच्या पाठीवरची पट्टी वाचा. बहुतेकांवर ३० मिनिटांचं रेटिंग असतं आणि त्याखाली ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो त्याचा श्वास आहे, तो घेऊ द्या. चालता-चालता एकदम बंद पडला तर घाबरू नका. दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. निम्म्या वेळा तेवढंच असतं, आमच्याकडे यायचीही गरज नसते. भांड्याखालचं चाक, म्हणजे कपलर, मुद्दाम कमकुवत केलेलं असतं. पातं अडकलं की आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी म्हणून. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: याचा कपलर, भांड्याचं रबर आणि मोटरीतला कार्बन ब्रश गावात मिळतो का? जळगावला जावं लागेल असं म्हणाला तर चालेल. कंपनीकडून मागवावं लागेल म्हणाला तर दुसरा मिक्सर दाखवायला सांगा.

ठेचा आणि भरीत मात्र मिक्सरमध्ये घालू नका. हिरव्या मिरचीचा ठेचा खलबत्त्यातच चांगला. मिक्सरमध्ये तो पाणी सोडतो आणि चटणी होऊन बसतो. भरताची भाजलेली वांगी बडगीत ठेचली तर त्यांचे धागे राहतात, मिक्सरमध्ये त्यांची पेज होते. सासूबाई आपल्याकडच्या असतील तर हे मी सांगायला नको. बडगी नसेल घरात तर लाकडाची घ्या, हिवाळ्यात वांगी आली की ती रोज निघेल.

घरघंटीबद्दल माझं मत दुकानात बसलेल्या बऱ्याच लोकांना पटत नाही. गव्हासाठी घेऊ नका. गहू महिन्यातून एकदा गिरणीतून दळून आणला तरी चालतं, गिरणीचं पीठ काही वाईट नसतं. घरघंटी कामाची ठरते ती भाकरीसाठी. दादर ज्वारीचं, बाजरीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापताना चिरते, बाजरीचं तर कडूही पडतं. गिरणीत दोन किलो घेऊन कोण जाणार? आणि आधीच्या माणसाच्या हरभऱ्याचं पीठ तुमच्या ज्वारीत येतं ते वेगळंच. घरी चार दिवसांपुरतं ताजं दळता आलं तर भाकरी थापणाऱ्या हाताला फरक लगेच कळतो. एक अश्वशक्तीची मोटर, म्हणजे सुमारे साडेसातशे वॉट, दाणा आणि जाळीनुसार तासाला सात-आठ किलो दळते. घरात रोज भाकरी होत असेल तर घ्या, पोळीच होत असेल तर पैसे वाचवा.

घेतलीच तर कळण्याच्या भाकरीचं एक सांगतो. ज्वारीत चौथा हिस्सा काळे उडीद घालून दळतात, आणि जुनी रीत म्हणजे जाडं मीठही त्यातच. घरोट्याच्या, म्हणजे जात्याच्या, दगडाला मिठानं काही होत नव्हतं. घरघंटीच्या आत लोखंडी पातं आणि जाळी असते, मिठाचा कण राहिला की पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो. मीठ पिठात नंतर मिसळा. मिरची, हळद, धने यात दळू नका, त्या वासाची भाकरी कुणी खाणार नाही. उन्हाळ्यातलं बिबड्यांचं आणि पापडांचं दळण आपलं गिरणीतच बरं.

कपडे धुण्याचं मशीन घ्या, आणि सेमी-ऑटोमॅटिक घ्या. पुण्यात फुली-ऑटोमॅटिक वापरलं असेल, हे ऐकून नाक मुरडाल. पण आधी टाकी किती उंचावर आहे ते बघा. बहुतेक ऑटोमॅटिक मशीनना नळाला ०.३ बारच्या आसपास दाब लागतो, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पाण्याची दर मीटर उंची ०.१ बार देते. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवं. एकमजली घराच्या गच्चीवर फरशीलाच टेकवलेली टाकी आणि खाली मोरीत मशीन, असं असेल तर पाणी भरायलाच पाऊण तास जातो आणि मशीन चूक दाखवून थांबतं. लोक मशीनला नावं ठेवतात. आम्ही जाऊन पाइपातली जाळी काढतो, तिच्यात पांढरा चुना अडकलेला असतो, आणि सांगतो की टाकीखाली चौथरा बांधा. सेमीला हा त्रास नाही, बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं. शिवाय एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी निघतात, आणि उरलेल्या पाण्यानं ओटा धुतला जातो. पाणीटंचाईच्या गावात हे लहान काम नाही. बिघडलंच तर बेल्ट, कपॅसिटर, ब्रेक, ड्रेनची नळी, यापलीकडे सहसा काही नसतं, आणि सगळं तालुक्याला मिळतं. हात घालावा लागतो एवढाच त्रास. सासूबाईंचं वाकणं वाचवायचं असेल तर मशीन विटांच्या चौथऱ्यावर बसवा.

टाकीचा विषय निघालाय तर माझी सगळ्यात आवडती वस्तू सांगून टाकतो: टाकी भरल्याचा अलार्म. काही शे रुपयांचं यंत्र, दोन तारा टाकीत सोडायच्या, पाणी वर टेकलं की घरात बोंब. नळाला पाणी कधी पहाटे तीनला येतं, कधी दुपारी घरात कुणी नसताना. खालच्या हौदातून वर चढवायची मोटर लावून माणूस झोपतो आणि रस्त्यावर ओहोळ वाहतो. थोडे जास्त पैसे घालून मोटर आपोआप बंद-चालू करणारा कंट्रोलर घेतलात तर उत्तमच, त्यात हौद रिकामा झाल्यावर मोटर बंद करणारी सोय आहे का ते बघून घ्या. मोटरी जास्त करून तिथंच जळतात. फक्त मोटरीला पाणी हौदातूनच ओढू द्या. नळाच्या लाइनीला थेट लावलीत तर शेजाऱ्याचं पाणी जातं, आणि गटाराजवळच्या फुटक्या पाइपातली घाणही आत ओढली जाते.

इन्व्हर्टर घ्या, पण हिशेब करून. १५० एएचची (अँपियर-तासांची) एक बॅटरी म्हणजे १२ व्होल्ट गुणिले १५०, कागदावर १८०० वॉट-तास. निम्म्याहून बरंच जास्त, समजा चौदाशे, हाताला लागतात. कूलर दीडशे वॉट, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे) पंखे साठ, दिवे तीस. एकूण दोनशे चाळीस. नवी बॅटरी पाच-साडेपाच तास ओढेल, तीन उन्हाळ्यांनंतर ते धरू नका. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कूलरची मोटर घरघरते आणि तापते. बॅटरी जिन्याखाली किंवा आतल्या सावलीत ठेवा. गच्चीच्या खोलीत पत्र्याखाली अजिबात नको. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश वाढीला जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडच्या पत्र्याखाली मे महिन्यात काय तापमान असतं ते तुम्ही लवकरच बघाल. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला बघा, नळाचं पाणी चुकूनही घालू नका.

गच्चीवर सोलर लावायचा विचार असेल तर चांगलाच आहे. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि ऊन आपल्याकडे फुकट पडतं. पण लोकांचा एक गैरसमज आहे. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे खांबावरच्या लाइनीला जोडलेला, सोलर लाइट गेल्यावर स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो. बिल कमी होईल, पण अंधारात बॅटरीच कामाची.

वर बीएलडीसी पंखे म्हणालो, तेवढे मात्र नक्की बदला. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, हा तीसच्या आसपास. आपल्याकडे मार्च ते जून पंखा दिवसाला पंधरा तास फिरतो, म्हणजे पंख्यामागे महिन्याला वीसएक युनिट वाचतात. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणून बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, पाच स्टार घ्या. याच्या आतली इलेक्ट्रॉनिक पाटी व्होल्टेजच्या झटक्याला नाजूक असते, म्हणून सुरुवातीचं ते ऑटो-कट. जुना रेग्युलेटर काढून टाका, तो मध्ये ठेवला तर पंखा अडखळतो. रिमोट हरवतोच. सासऱ्यांच्या पलंगाजवळ रिमोटचा स्टँड भिंतीला ठोका.

फ्रिज असेलच तुमच्याकडे, म्हणून थोडक्यात. आतल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत. पुण्यात कशानंही चालत होतं. इथे टी असला तरी मेच्या दुपारी त्याचा दम लागतो. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वर कापडं-डबे रचू नका, गॅसच्या शेगडीजवळ तर ठेवूच नका. आणि पिण्याच्या पाण्यासाठी एक माठ घ्याच. दर दोन मिनिटांनी मुलं फ्रिज उघडतात ते बंद होतं.

पाणी शुद्ध करणारं यंत्र घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. मीटर काही शे रुपयांना मिळतं, बऱ्याच दुरुस्तीवाल्यांकडे असतंच. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्यासारखं. नळाचं पाणी ५०० च्या आत असेल तर आरओ कशाला? यूव्ही आणि गाळणी पुरते. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, आणि ते आपल्याला परवडत नाही. बोअरचं पिणार असाल तर आरओ घ्या आणि बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा. हे मीटर फक्त क्षार मोजतं, जंतू त्याला दिसत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

पाणी तापवायला गॅसगिझर बाथरूमच्या आत बसवू नका, कुणी कितीही स्वस्तात दिला तरी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि हिवाळ्यात खिडकी लावून आंघोळ करणारं माणूस आतच पडतं. पंधरा लिटरचा विजेचा गिझर घ्या, १६ अँपियरच्या सॉकेटवर. बोअरचं पाणी असेल तर दोन वर्षांनी आतला मॅग्नेशियमचा दांडा बदलून घ्या, नाहीतर टाकीच खाल्ली जाते. बादलीत टाकायचा रॉड मुलांच्या घरात नको.

काय घेऊ नये, तेही विचारलंय. रोटी मेकर नको, त्यात भाकरी होत नाही आणि पोळीचा पापड होतो. एअर फ्रायर वाईट नाही, पण भजी-वडे त्यात तसे होत नाहीत हे घरातल्या मोठ्यांना दोन आठवड्यांत कळतं, आणि मग तो आमच्या फळीवर येतो. फरशी पुसणारा रोबो धूळ कमी असलेल्या घरात चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तासाभरात खिडकीत बोटानं नाव लिहिता येतं, त्याची डबी दर खोलीला रिकामी करावी लागेल. भांडी घासायच्या मशीनबद्दल मी ठाम नाही म्हणणार नाही, कामवाली मिळत नसेल तर घ्यायला हरकत नाही. पण त्यात जड पाण्यासाठीचं खास मीठ घालत राहावं लागतं आणि तर्रीची पातेली आधी पुसून घ्यावी लागतात.

तुमच्या चाळीस हजारांत आरसीसीबी आणि ऑटो-कट, फायबरचा मध्यम कूलर, दोन पंखे, मिक्सर, टाकीचा अलार्म, आणि उरतील त्यात सेमी मशीन, असं बसतं. कूलर आणि सेमी मशीनच्या मापांवर थोडी ओढाताण होईल. इन्व्हर्टर पुढच्या बोनसला घ्या, तोवर तीन-चार चार्जिंगचे बल्ब लावून ठेवा. कूलर फेब्रुवारीत घ्या. एप्रिलमध्ये हवं ते मॉडेल मिळत नाही आणि आमच्याकडेही बसवायला माणूस नसतो. घेताना दुकानातच पाणी घालून अर्धा तास चालवून बघा, तिन्ही बाजूंच्या ताट्या सारख्या भिजतात का ते बटण बंद करून, पिन काढून हात लावून तपासा. एका बाजूची कोरडी राहत असेल तर वरच्या नळीची भोकं बुजलेली आहेत. तो बाजूला ठेवायला सांगा आणि दुसरा काढायला लावा.